हातातली पाटी आणि डोक्यावरची पाटी

प्रश्न रोह्याच्या एका तरुण फोटोग्राफरचा आहे. थोडक्यात असा: "काका, डिसेंबरात अलिबागजवळच्या एका बंगल्यावर माझं पहिलं मोठं लग्न आहे. कॉलेजातले मित्र श्रीमंतांविरुद्धच्या निदर्शनांना जातात, ‘आम्ही ९९ टक्के’ अशी पोस्टरं करतात. ते म्हणतात, तू आता शेठ लोकांचा भाट झालास. त्यात असं कानावर आलंय की लग्नाच्या दिवशी गेटवर कुणीतरी पाट्या घेऊन उभं राहणार. तुम्ही जुन्या विचारांचे म्हणून ओळखले जाता. तुम्हाला या आंदोलनांबद्दल काय वाटतं, आणि त्या दिवशी मी नेमकं काय करू?"

अरे, आधी एक कबुली देतो. माझ्या वर्षाच्या कमाईतला निम्म्याहून जास्त पैसा अशाच सात-आठ लग्नांतून येतो. मी खाल्ल्या मिठाला जागतोय असं वाटलं तर तेवढं वजा करून वाच. आणि जुन्या विचारांचा म्हणशील तर आहेच. बापाने कमावलेलं मुलाला मिळावं, कायद्याने जे ज्याचं आहे ते गर्दी जमवून हिसकावू नये, लग्न हा आधी संस्कार आणि मग समारंभ, हे मला पटतं. रोलच्या काळापासून या धंद्यात आहे. छत्तीस फोटोंत अख्खं लग्न बसवायची सवय असलेला माणूस उधळपट्टीच्या बाजूने बोलणार नाही, एवढी खात्री बाळग.

आता एक प्रसंग सांगतो, कारण माझं मत त्यातूनच घट्ट झालं. काही वर्षांपूर्वी अलिबागच्या दक्षिणेला एका किनाऱ्यावर लग्न होतं. गावाचं नाव घेत नाही. इव्हेंटवाल्यांनी वाळूत उतरणाऱ्या पायवाटेवरच केटरिंगचा तंबू ठोकला आणि शेजारी जनरेटर लावला. वाट दोन दिवस बंद. होड्या लागल्या की गावातल्या कोळणी त्याच वाटेने मासळी वर आणायच्या. दुपारी तीनला गेटवर तीस-पस्तीस माणसं जमली. त्यांच्यात बाहेरून आलेली दोन पोरं होती, हातात छापील पाट्या, ‘श्रीमंतांनो, चालते व्हा’. एक म्हातारी कोळीण डोक्यावर मासळीची पाटी घेऊन उभी होती. ती त्यातल्या एकाला म्हणाली, "त्यांना कशाला घालवतंस? आमची वाट सोरा म्हन."

मला त्या क्षणी दोन्ही पाट्या एकाच फ्रेममध्ये दिसत होत्या. एक हातातली, एक डोक्यावरची. डोक्यावरचीला ठाऊक होतं तिला काय पाहिजे. चारच्या आत तंबू सरकला. किती? सहा फूट. त्यासाठी दोन दिवस भांडण चाललं होतं. कोळणी पाट्या घेऊन निघून गेल्या, गाववाले घरी गेले, आणि ती दोन पोरं घोषणा देत राहिली.

मी त्या आजीचा फोटो काढला होता. झेंडूच्या कमानीखालून चाललेली, पाटीतून पाणी गळतंय, मागे समुद्र. नवरीला फार आवडला. अल्बमच्या प्रुफात तिच्या वडिलांनी तो वगळायला लावला. वगळला. त्यांचा अल्बम.

तुझ्या मित्रांच्या ‘९९ टक्के’चं, म्हणजे वरचे एक टक्का श्रीमंत सोडून उरलेले सगळे या घोषणेचं, मूळ २०११ सालच्या ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ आंदोलनात आहे. १७ सप्टेंबर २०११ ला न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये लोकांनी तळ ठोकला. हाक दिली होती ॲडबस्टर्स नावाच्या एका कॅनडियन मासिकाने, आणि ती दिली एका पोस्टरने. वॉल स्ट्रीटजवळच्या त्या प्रसिद्ध ब्राँझच्या बैलाच्या पाठीवर एक बॅले नर्तिका एका पायावर तोल सांभाळून उभी, मागे धुरात माणसं. फोटोग्राफर म्हणून सांगतो, रचना अप्रतिम आहे. तोल, ताण, खालचा अवजड आकार, वरचा हलका. त्या पोस्टरवर वरच्या बाजूला प्रश्न होता: आपली एक मागणी कोणती? त्या प्रश्नाचं एक उत्तर त्यांना अखेरपर्यंत ठरवता आलं नाही. १५ नोव्हेंबरला मध्यरात्रीनंतर पोलिसांनी पार्क रिकामं केलं. घोषणा उरली, आणि तीच आता तुझ्या मित्रांच्या पोस्टरवर आली आहे.

त्यांचा राग खोटा होता असं मी म्हणत नाही. २००८ च्या आर्थिक संकटात बँकांनी जे केलं त्याचा राग यायलाच हवा होता. पण तो राग फक्त डाव्यांना आला हे चूक आहे. बँका वाचवायला ७०० अब्ज डॉलर देण्याचं विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २९ सप्टेंबर २००८ ला २२८ विरुद्ध २०५ मतांनी पाडलं होतं, आणि विरोधी मतांत १३३ रिपब्लिकन पक्षाची होती. चारच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, ते थोडं बदलून मंजूर झालं ही गोष्ट वेगळी. नफा झाला तर माझा, बुडालो तर गावाचा, या हिशेबाला पुराणमतवादी माणसाने तरी संपत्ती म्हणू नये. आमच्याकडे पतपेढ्या बुडाल्या तेव्हा संचालकांच्या घरची लग्नं मी पाहिली आहेत. एक नाकारलंही होतं, पण ते तत्त्वापेक्षा ॲडव्हान्स बुडेल या भीतीने. उगाच मोठेपणा घेत नाही.

आता घराजवळ ये. मित्रांना विचार, चरीचा संप माहीत आहे का. अलिबाग तालुक्यातलं चरी. १९३३ ते १९३९, सहा वर्षं, आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचं बंद केलं. नारायण नागू पाटील पुढारी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा. त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं ते १७ सप्टेंबर १९३७ ला. तारीख बघ, झुकोटी पार्काचीच, चौऱ्याहत्तर वर्षं आधीची. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला.

आमच्या आजोळची खोती होती. ती गेली म्हणून आजी मरेपर्यंत बोटं मोडायची, आणि बाबासाहेबांचं नाव घरात काढू द्यायची नाही. तरीही मी सांगतो, तो संप बरोबर होता. घाम एकाने गाळायचा आणि पिकाचा मोठा वाटा वतनाच्या नावाखाली दुसऱ्याने उचलायचा, ही कमाई नव्हे, मक्तेदारी. त्या लोकांना खोताचा वाडा पाडायचा नव्हता. कसलेलं आपल्या पदरात पडावं, एवढं पाहिजे होतं. म्हातारीच्या ‘वाट सोरा’ची ही थोरली बहीण. जी मागणी सकाळी कुणी ऐकली तर संध्याकाळी पुरी होऊ शकते किंवा कायद्याच्या कलमात लिहिता येते, तिच्यापुढे मी टोपी काढतो. ‘तुझ्याकडे इतकं का?’ ही मागणी नाही. तिला कुणी हो म्हणायचं तरी कसं?

तू म्हणशील, करवाढ मागणारे आहेतच की. आहेत. २०२५ च्या जूनमध्ये ॲमेझॉनवाल्या जेफ बेझोसचं लग्न व्हेनिसला झालं तेव्हा सेंट मार्क चौकात ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी भलामोठा कापडी फलक पसरला होता. मजकुराचा आशय असा की लग्नासाठी व्हेनिस भाड्याने घेता येत असेल तर करही जास्त भरता येईल. दुसऱ्या काही लोकांनी कालव्यांत फुगवलेल्या मगरी सोडण्याची धमकी दिली, आणि शेवटचा समारंभ आर्सेनाले या जुन्या गोदीत हलवावा लागला. मगरींचं जाऊ दे, त्या फलकाला मी मान देतो, कारण त्यावर वाद घालता येतो. माझा वाद असा: आपण हे करून बसलो आहोत. मालमत्तेवर मृत्यूनंतर लागणारा इस्टेट ड्युटी कर आपल्याकडे १९५३ ते १९८५ होता, वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. संपत्ती कर १९५७ पासून होता. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द केला तेव्हा सांगितलेला आकडा असा की २०१३-१४ मध्ये अख्ख्या देशातून त्याची वसुली १,००८ कोटी. इतका खटाटोप करून एवढंच. त्याऐवजी कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला, तो वसूल करायला सोपा. मित्रांना यावर बोलू दे. या वादात ते कदाचित मला हरवतीलही.

‘श्रीमंत आले की गाव सुधारतं’ हे वाक्य मात्र मी कधीच बोलत नाही, आणि तूही बोलू नकोस. मोठ्या लग्नाचा पैसा कुठे जातो ते मी मांडवामागे उभा राहून पाहिलंय. सजावटीची कंपनी मुंबईची. आचारी बाहेरचा. एलईडी भिंत ट्रकने येते, ट्रकनेच जाते. मेकअपवाली मांडव्याला रो-रो बोटीने उतरते, रात्री परत. गावाला काय मिळतं? जनरेटरचं डिझेल, दोन टेम्पो, नारळ, पापलेट-सुरमईची ऑर्डर, झाडलोट, चार पोरांना पार्किंगचं काम. आगरी घरातलं लग्न असेल तर हळदीला धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, आणि बेंजोवाले. हे कमी नाही, पण लग्नाच्या खर्चाशी ताडून बघितलं तर चिमूटभर. म्हणून मी काय करतो, दोन असिस्टंट गावातले घेतो, अल्बम अलिबागेतच बांधून घेतो, आणि बिल देतो. फोटोग्राफीला १८ टक्के जीएसटी आहे, उलाढाल वीस लाखांवर गेली की नोंदणी लागते. ‘कॅशमध्ये कमी करा’ म्हणणारा शेठ आणि ‘कॅशमध्ये कमी करतो’ म्हणणारा फोटोग्राफर, दोघांनाही मग ‘सरकार काय करतं’ म्हणायचा हक्क राहत नाही. हे तुझ्या मित्रांच्या तोंडचं वाक्य आहे आणि मी त्याला सही देतो.

दुसरी बाजूही ऐक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे सरकारी आदेश आला: लग्नाला पंचवीस माणसं, दोन तास, मोडलं तर पन्नास हजार दंड. मोठी लग्नं वाईट म्हणणाऱ्यांची इच्छा एका आदेशात पुरी झाली, असं तेव्हा मी चिडून म्हणालो होतो. माझ्या ओळखीच्या दोन व्हिडिओवाल्यांनी कॅमेरे विकले. एक आता आंबा वाहतुकीत आहे, परत आलाच नाही. त्याच मे महिन्यात मी एका घराच्या अंगणात लग्न केलं. सारवलेलं अंगण, वर मांडवाला नारळाच्या झावळ्या, पंचवीस माणसं, भटजी मास्क लावून मंगलाष्टकं म्हणताहेत. गेल्या दहा वर्षांतला माझा सगळ्यात चांगला अल्बम तोच. माझ्या युक्तिवादाला हे सोयीचं नाही, पण आहे ते असं आहे.

खरं सांगू, माझा राग बंगल्यातल्या लग्नावर नाहीच. तो ऐपतदार असतो, त्याचं त्याला लखलाभ. राग येतो तो गावातल्या लग्नाचा. मुलगा परळला नोकरीला, बाप इथे दोन एकरांत भात आणि पंधरा कलमं सांभाळतो, आणि माझ्याकडे येऊन म्हणतात, "ड्रोन पाहिजे, काशीदला प्री-वेडिंग पाहिजे, एलईडी पाहिजे." पैसे कुठून? सोसायटीचं कर्ज, नवरीच्या मामाकडून उसने, आणि हल्ली मोबाइलवर मिळणारं कर्ज. मी सरळ सांगतो, ड्रोन काढा. तुमच्या वाडीवर माडच इतके दाट आहेत की वरून फक्त झावळ्या दिसतील. निम्मे ऐकतात. बाकीचे दुसऱ्या फोटोग्राफरकडे जातात आणि तो त्यांना दोन ड्रोन विकतो. महाराष्ट्रात साध्या लग्नाची परंपरा नाही असं नाही. सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न १८७३ च्या डिसेंबरात पुण्यात लागलं, बिनखर्चाचं, बिनभटजीचं. भटजी वगळणं मला पटत नाही, मी त्या बाबतीत आजीचाच नातू आहे. पण खर्चाच्या बाबतीत जोतीराव माझ्या बाजूचे आहेत आणि श्रीमंतांची नक्कल करणारं अख्खं गाव माझ्या विरुद्ध आहे. तुझ्या मित्रांना पोस्टर करायचंच असेल तर ‘लग्नासाठी कर्ज काढू नका’ असं करू दे. मी माझ्या स्टुडिओच्या काचेवर लावतो.

आता तुझ्या डिसेंबरचं.

कराराबद्दल आधी. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणारा असतो. तू नव्हेस. तेव्हा नवरीच्या गळ्यातल्या हाराचा क्लोजअप मित्रांना पाठवून त्यावर ‘एक टक्का’ असं लिहिलं गेलं, तर तुझं तत्त्व काही का असेना, तू विश्वासघात केलास आणि कायदाही मोडलास. असलं काही करण्याची ऊर्मी येत असेल तर आत्ताच काम सोड, ॲडव्हान्स परत कर. मी तुला नावं ठेवणार नाही. काम घेऊन आतून पाठीत सुरी नको. पोर्टफोलिओसाठी फोटो वापरायचे असतील तर तेही करारात लिहून घे.

गेटवर माणसं आली तर. तिथे मॅनेजर येऊन सांगेल, "यांचे चेहरे जवळून घेऊन ठेव." मला त्या किनाऱ्यावरच्या लग्नात सांगितलं होतं. मी म्हटलं, साहेब, मी लग्नाचा फोटोग्राफर, पोलीस ठाण्याचा नाही. तूही तेच म्हण. उलट बाजूने, मित्र म्हणेल, "गर्दी मोठी दिसेल असा एक काढ." तोही काढू नकोस. आपल्या धंद्यातली लबाडी आपल्यालाच माहीत असते. दोनशेच्या लांब पल्ल्याच्या लेन्सने गेटसमोर वाकून घेतलंस तर तीस माणसं एकमेकांवर दाबली जाऊन तीनशे दिसतात. चोवीसच्या रुंद कोनाच्या लेन्सने गच्चीवरून घेतलंस तर तीच तीस माणसं रिकाम्या रस्त्यावर चुकलेल्या पाहुण्यांसारखी दिसतात. दोन्ही फोटो खरे असतात, म्हणूनच मी वर्तमानपत्रातल्या मोर्च्याच्या फोटोवर लगेच विश्वास ठेवत नाही, आणि रिसॉर्टच्या जाहिरातीतल्या लग्नाच्या फोटोवरही नाही.

जमलं तर दुपारी वरात यायच्या आधी गेटवर जाऊन विचार, काय पाहिजे तुम्हाला? कॅमेरा गळ्यात नको. किनाऱ्याची वाट अडली असेल, रात्री दहानंतर स्पीकर चालू राहील अशी भीती असेल, पाण्याचा टँकर गावाच्या विहिरीवरून भरला असेल, तर इव्हेंटच्या समन्वयकाला शांतपणे सांग. भरती रेषेखालची वाळू कुणाच्या बापाची नसते आणि दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, हे त्यालाही ठाऊक असतं, फक्त कुणी आठवण करून द्यावी लागते. ‘श्रीमंतच नकोत’ असं उत्तर मिळालं तर नमस्कार करून आत ये. त्यावर तुझ्याकडे काही इलाज नाही.

आत आलास की बाहेरचं विसर. मुहूर्त गोरज असेल तर डिसेंबरात अलिबागला सूर्य सहाच्या सुमारास पाण्यात जातो, म्हणजे अंतरपाट धरलेला असताना प्रकाश मिनिटामिनिटाला उतरणार. नवरानवरी समुद्राला पाठ करून उभी असतील तर चेहरे काळे पडतील, म्हणून भटजींच्या उजव्या खांद्यामागे जागा आधीच धर, तिथून अंतरपाट खाली येताना दोघांचे डोळे एकत्र मिळतात. भटजींना आधी भेट, पाया पड, ते दोन पावलं सरकतात. अक्षता उडताना शटर दोनशेच्या वर ठेव. पण स्टेजवर स्वस्त एलईडी दिवे असतील तर आधी चाचणी घे, आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्या दिव्यांत फोटोवर पट्टे येतात, मग शंभरवर किंवा पन्नासवर यावं लागतं. मंगलाष्टकं चालू असताना ड्रोन उडवायचा नाही, कितीही सांगितलं तरी. त्या घरघरीत नवरीच्या आजीला मंगलाष्टक ऐकू येत नाही. ड्रोनची नोंदणी आणि तिथला झोन आदल्या दिवशी तपासून ठेव.

एसीच्या खोलीत नवरीची तयारी टिपून थेट वाळूवर पळू नकोस. लेन्सवर बाष्प धरतं आणि वीस मिनिटं काही दिसत नाही. बॅग बंद ठेवून आधी व्हरांड्यात ठेव. घरी आल्यावर खारट हात लागलेली प्रत्येक वस्तू किंचित ओल्या फडक्याने पूस, मग सिलिका जेलच्या डब्यात. माझी एक ८५ ची लेन्स बुरशीने गेली ती एका रात्रीच्या आळसाने.

बॅटऱ्या सहा घे. आणि जेवून घे, स्टाफच्या पंगतीची वाट बघू नकोस, मोठ्या लग्नांत ती कधीकधी लागतच नाही.